न्यूट्रॉन ताऱ्यातल्या क्वार्क द्रव्यावर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या (मोठा तारा फुटल्यावर उरणारा अतिघन गोळा) गाभ्यात क्वार्क द्रव्य (प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून सुटे झालेले क्वार्क) असू शकतं, हे वाचल्यापासून त्यातच पीएचडी करायची इच्छा आहे. क्वांटम फील्ड थिअरी (कणांना क्षेत्रांच्या भाषेत मांडणारा सिद्धांत) आतापासून सुरू करू का? घरचे विचारतात, पुढे नोकरीचं काय?

उत्तर : फील्ड थिअरी एवढ्यात नको. क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पक्कं नसताना ती उघडलीस तर गणितं सुटतील, पण ती कशासाठी सोडवायची ते कळणार नाही. त्यापेक्षा शून्य तापमानाचा फर्मी वायू (एका अवस्थेत एकच बसतो अशा, एकमेकांवर बल न लावणाऱ्या कणांचा वायू) घे. त्याचा दाब आणि ऊर्जा घनता कागदावर काढता आली पाहिजे. क्वार्कचं केमिकल पोटेन्शियल (आणखी एक कण घालायला लागणारी ऊर्जा) ४००-५०० एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) घरात आणि जुन्या ताऱ्याचं तापमान ऊर्जेच्या मापात एक एमईव्हीच्याही बरंच खाली, त्यामुळे तापमान शून्य धरलेलं चालतं.

या विषयाची गोम समजून घे. ताऱ्याच्या गाभ्यातली घनता अणुकेंद्रातल्या घनतेच्या काही पट असते, फार तर सात-आठ पट. न्यूक्लिऑनवर (प्रोटॉन, न्यूट्रॉन) आधारलेलं गणित साधारण दुपटीपर्यंत भरवशाचं असतं. क्यूसीडीचं, म्हणजे क्वार्कमधल्या बलाच्या सिद्धांताचं, पर्टर्बेशन (टप्प्याटप्प्यानं दुरुस्त्या जोडत काढलेलं उत्तर) चाळीसेक पटींच्या पुढे लागू पडतं. गाभा नेमका मधे सापडतो. लॅटिस क्यूसीडी (अवकाश-काळाची जाळी करून संगणकावर सोडवलेली क्यूसीडी) वापरावी तर साइन प्रॉब्लेम आडवा येतो : संभाव्यतेच्या जागी कॉम्प्लेक्स संख्या येतात आणि माँटे कार्लो सँपलिंग (यादृच्छिक नमुने घेण्याची पद्धत) कोलमडतं. म्हणून सगळी भिस्त मॉडेलांवर, आणि त्यांना चाळणी लावणार निरीक्षणं. २०१० मध्ये पीएसआर जे१६१४-२२३० या पल्सारचं (नियमित स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) वस्तुमान सूर्याच्या जवळपास दुप्पट निघालं, तेव्हा मऊ इक्वेशन ऑफ स्टेटची (दाब आणि घनता यांचं नातं; मऊ म्हणजे घनता वाढली तरी दाब फारसा न वाढणारं) बरीच मॉडेलं निकालात निघाली.

हे काम मानवेल का, ते सुट्टीत तपासता येईल. टॉलमन-ओपेनहायमर-व्होल्कॉफ, म्हणजे टीओव्ही समीकरणं (ताऱ्यातल्या गुरुत्वाचा आणि दाबाचा तोल सांगणारी) पायथनमध्ये सोडव. केंद्रातला दाब धरायचा, बाहेर सरकत जायचं, दाब शून्य झाला की तिथली त्रिज्या आणि वस्तुमान टिपायचं. आधी शुद्ध न्यूट्रॉन फर्मी वायू घे. कमाल वस्तुमान सूर्याच्या ०.७ पट आलं पाहिजे, १९३९ मध्ये ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांना तेवढंच मिळालं होतं. ते जुळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग वस्तुमानरहित तीन प्रकारच्या क्वार्कचं बॅग मॉडेल (क्वार्क एका पिशवीत कोंडलेले धरायचे; पिशवीच्या ऊर्जा घनतेचा आकडा म्हणजे बॅग स्थिरांक) : ऊर्जा घनतेतून बॅग स्थिरांकाची चौपट वजा करायची, उरलेल्याचा तिसरा हिस्सा म्हणजे दाब. स्थिरांकाचं चौथं मूळ १४५ एमईव्ही घेतलंस (घन फर्मीला सुमारे ५७ एमईव्ही; फर्मी म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर), तर कमाल वस्तुमान सूर्याच्या दुपटीजवळ आणि तिथली त्रिज्या ११ किलोमीटरच्या आसपास येते.

बहुतेक चुका एककांत होतात. घन फर्मीला एक एमईव्ही म्हणजे घन सेंटिमीटरला १.७८ गुणिले १० चा १२ वा घात ग्रॅम. हे रूपांतर प्रोग्रॅममध्ये एकाच जागी ठेव. शून्य त्रिज्येपासून सुरुवात केलीस तर शून्य भागिले शून्य येतं, म्हणून अगदी लहान त्रिज्या घेऊन तिथलं वस्तुमान गोलाच्या सूत्रानं काढ. क्वार्क ताऱ्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य होतो, पण ऊर्जा घनता बॅग स्थिरांकाच्या चौपटीवरच असते. न्यूट्रॉन द्रव्याच्या कोष्टकासाठी केलेलं लॉगरिदमिक इंटरपोलेशन (कोष्टकातल्या दोन आकड्यांमधली किंमत लॉगवरून काढणं) तिथे फसतं. सूत्र थेट वापर. पुढे भरतीमुळे तारा किती ताणला जातो (टायडल डिफॉर्मेबिलिटी) ते काढताना पृष्ठभागावरच्या ऊर्जा घनतेच्या या उडीची दुरुस्ती विसरलीस तर वक्ररेषा छान गुळगुळीत येते आणि उत्तर चुकलेलं असतं. ही चूक नुसतं बघून सापडत नाही.

हे करताना तू कशात रमतेस वा रमतोस, त्यावर वाट ठरेल. समीकरण कुठून आलं याची ओढ असेल तर एमएस्सीत फील्ड थिअरी आणि पुढे कलर सुपरकंडक्टिव्हिटी (घन क्वार्क द्रव्यात क्वार्कच्या जोड्या जमणं). आकडे जुळवण्यात मजा आली तर डेटाची बाजू : नायसर दुर्बिणीचे क्ष-किरण स्पंद, किंवा १७ ऑगस्ट २०१७ च्या जीडब्ल्यू१७०८१७ (दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर) सारखे गुरुत्वीय लहरींचे संकेत. माझं मत विचारशील तर आज डेटाची बाजू जास्त सुरक्षित आहे.

आता घरच्यांचा प्रश्न. पीएचडीला चार ते सहा वर्षं, त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या एकदोन पोस्टडॉक (तात्पुरत्या संशोधनाच्या जागा), आणि कायम पदं पीएचडीवाल्यांपेक्षा खूपच कमी. हे त्यांना आजच सांग. निव्वळ क्वार्क मॉडेलं येणाऱ्याला बाहेर कोणी ओळखत नाही. बेझियन इन्फरन्स (डेटावरून संभाव्यता ठरवण्याची पद्धत), सी++ आणि मोठ्या डेटावर काम येणाऱ्याला विद्यापीठाबाहेरही मागणी असते. म्हणून पीएचडीचा गाइड निवडताना त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचार : ते आता कुठे आहेत, आणि प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला की तयार मिळालेला चालवला? इंटर्नशिपसाठी मेल करशील तेव्हा आवड किती आहे हे चार ओळींत लिहिण्यापेक्षा टीओव्हीचा आलेख जोड आणि ०.७ चा आकडा जुळवलाय हे नमूद कर.