स्वभाव धंद्याचा की नोकरीचा?

प्रश्न : अकरा वर्षं एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करतो आहे. काम आवडतं, साहेबांशी मात्र पटत नाही. स्वतःचं काम सुरू करावं असं सारखं मनात येतं. इंटरनेटवर स्वभावचाचणी केली, तर ‘उद्योजक’ असा निकाल आला. महिन्याभराने पुन्हा केली, तर ‘सल्लागार’! मी मितभाषी आहे, ओळखी काढणं जमत नाही. धंदा मला झेपेल का?

उत्तर : माणसाला ठरावीक गटांच्या साच्यात बसवणाऱ्या चाचण्यांत असं होतंच. तुम्ही दोन गटांच्या सीमेवर असाल, तर दोन-तीन उत्तरं बदलली की साचाच बदलतो. मितभाषी असण्याची काळजी मात्र सोडा. झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी २००६ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून उद्योजकांची तुलना मॅनेजरांशी केली. चिकाटी आणि नव्याची ओढ यांत उद्योजक पुढे होते, चटकन अस्वस्थ होण्यात मागे होते. बोलकेपणात मात्र दखल घ्यावा असा फरक नव्हता. आणखी एका गोष्टीत ते कमी भरले, ती म्हणजे समोरच्याचं मन राखणं. तुमची खरी परीक्षा इथे आहे. ‘एवढे पैसे होतील’ म्हणताना जीभ अडखळते का? बिल थकलं तर तिसऱ्यांदा फोन कराल का?

आता साहेबांविषयी. हेच काम, हाच पगार, फक्त साहेब दुसरा, अशी नोकरी उद्या मिळाली तर धंद्याची इच्छा उरेल का? उरत नसेल तर नोकरी बदला. धंद्यात साहेब जात नाहीत, एकाचे पाच होतात, आणि पाचही जण ड्रॉइंग मंजूर केल्यावर बदल सांगतात.

इच्छा उरली, तर पुढचा हिशेब कागदावर करा. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून सुट्ट्या आणि आजारपणाचे ६ वजा करा. उरलेले ४६ आठवडे, दर आठवड्याला ४० तास, म्हणजे १८४० तास. यातले निम्मे तास कोटेशन, वसुली, हिशेब आणि गिऱ्हाईक शोधण्यात जातील असं धरा. बिल लावता येतील असे ९२० तास राहिले. वर्षाचा पगार, कंपनी भरते ते विमा आणि निवृत्तीचे पैसे, शिवाय सॉफ्टवेअर आणि संगणकाचा खर्च, या सगळ्याची बेरीज ९२० ने भागा. हा तुमचा किमान तासाचा दर. बहुतेक जण पगाराला १८४० किंवा त्याहून जास्त तासांनी भागतात, आणि वर्षभर राबून हातात आधीच्या निम्मंच का येतं, हे त्यांना कळत नाही.

दुसरी गफलत उधारीची. महिन्याला १०० ची विक्री, त्यासाठी ७० रोख खर्च, आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देणार. पहिली रक्कम हाती येईपर्यंत खिशातले १४० गेलेले असतात. वहीत नफा ६० चा दिसतो, पण त्यातून घरभाडं भरता येत नाही. काम जितकं वाढेल तितकी ही ओढाताणही वाढते. वही आणि खिसा यांच्यातला हा फरक सोसत शांत झोप लागणं, धंद्याला लागणारा स्वभाव म्हणजे बराचसा हाच.

तो आहे का, हे राजीनामा न देताच पाहता येतं. आधी नेमणूकपत्रात बाहेरचं काम करण्यावर बंदी आहे का ते वाचा. कंपनीचा संगणक, ड्रॉइंग आणि कंपनीची गिऱ्हाइकं यांना हात लावायचा नाही. मग तीन महिने, आठवड्याला सहा तास. या काळात तीन अनोळखी गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन काम मिळवायचं, निम्मी रक्कम आगाऊ. नातेवाइकांचं फुकट काम मोजू नका, कारण त्यात नकार ऐकावा लागत नाही आणि भावही सांगावा लागत नाही. रोज एक ओळ लिहा : आज कोणता फोन टाळला, किती दिवस टाळला. ड्रॉइंग रात्री दोनपर्यंत जागून होतं, पण कोटेशन आठ-आठ दिवस पडून राहतं, असं दिसलं तर तुम्ही उत्तम कारागीर आहात. मग एकतर विक्री सांभाळणारा भागीदार शोधा, नाहीतर नोकरीच बरी.

नोकरी सांभाळून सुरुवात करून नंतर पूर्णवेळ धंद्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी असल्याचं २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. यात गंमत अशी, की ज्यांना हे आपलं काम नाही असं कळलं, ते वेळीच थांबलेले असणार.

प्रश्न : सहा वर्षं स्वतःचा व्यवसाय करते. चालतो, पण दोन महिने बरे तर दोन कोरडे, झोप उडाली आहे. नोकरी समोरून आली आहे. घ्यावी का? हरल्यासारखं वाटतं.

उत्तर : पैसे कमी पडतात म्हणून झोप येत नाही, की ते कमी-जास्त होतात म्हणून, हे आधी वेगळं करा. मागच्या १२ महिन्यांतल्या सर्वांत कमी शिल्लक उरलेल्या तीन महिन्यांची सरासरी काढा. तेवढीच रक्कम स्वतःचा ‘पगार’ म्हणून दरमहा ठरल्या तारखेला घ्या, वरचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. त्यावर घर चालत असेल, सहा महिने हे करूनही छातीतली धडधड थांबली नसेल, तर नोकरी घ्या. नोकरी तोवर थांबणार नसेल, तर हाच हिशेब मागच्या वहीवरून आज रात्री मांडा. सरासरीत घर भागतच नसेल, तर प्रश्न स्वभावाचा नाही, भावाचा किंवा खर्चाचा आहे.

हो म्हणण्याआधी मुलाखतीत एक विचारून घ्या : कुणाची परवानगी न घेता किती रकमेपर्यंतचा निर्णय मी करू शकते? सहा वर्षं स्वतः ठरवणाऱ्या माणसाला पगारापेक्षा याच गोष्टीचा जाच आधी होतो. आणि थकलेली बिलं नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी वसूल करा, नंतर फोन उचलले जात नाहीत.