मैत्रिणीला चर्चला नेलं, आता ती मला टाळते

*ताई, मी काही वर्षांपासून एका करिझ्मॅटिक मंडळीत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या चर्चमध्ये, जाते. माझ्या पडत्या काळात या लोकांनी मला उभं केलं. आता पास्टरांनी नवीन येणाऱ्यांचं स्वागत माझ्याकडे सोपवलंय. ऑफिसमधली माझी जिवलग मैत्रीण घटस्फोटातून जात होती, तिला मी एका रविवारी घेऊन गेले. बिचकेल म्हणून आधी फारसं काही सांगितलं नाही. आराधनेत लोक अन्यभाषांत, म्हणजे ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागले, एक जण रडत रडत खाली पडला. मग नव्यांना पुढे बोलावलं, आणि दोघींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती पांढरीफटक पडली. येताना एक शब्द बोलली नाही, आणि तेव्हापासून मला टाळते. मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणतात, 'ज्याला आत्मा ओढतो तो टिकतो, तू कशाला मनाला लावून घेतेस?' पण मला चैन पडत नाही. नव्या माणसाला सुरुवातीला साधंसंच दाखवावं आणि बाकीचं हळूहळू कळू द्यावं, असं करू का?*
*– एक बहीण*

प्रिय बहिणी,

तुला चैन पडत नाही ते बरंच आहे. त्या ज्येष्ठ बाईंचा विश्वास मोठा असेल, पण 'टिकायचा तो टिकेल' असं म्हटलं की नव्या माणसाचं आपल्याकडे काय झालं हे विचारायची गरजच उरत नाही. तुझी मैत्रीण आधीच मोडलेल्या मनाने आली होती. समोर काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, ते थांबवायचं कसं हेही कळत नव्हतं. आणि जिच्या भरवशावर ती आली, तिने आधी चकार शब्द काढला नव्हता. तिच्या जागी कुणीही हादरलं असतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: लपवू नकोस. पहिल्या दिवशी सौम्य गाणी आणि तिसऱ्या महिन्यात 'आता खरं काय ते बघ', असा प्रकार माणसाला फसवल्यासारखा वाटतो, आणि ते वाटणं रास्त असतं. तुमच्या मंडळीत जे होतं ते पहिल्याच निमंत्रणात सांगायचं.

हे शहाणपण माझं नाही, प्रेषित पौलाचं आहे. बायबलमधल्या त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय पुन्हा काढून वाच, या वेळी तुझ्या मैत्रिणीच्या खुर्चीवर बसून. सगळी मंडळी एकाच वेळी अन्यभाषा बोलू लागली आणि बाहेरचा माणूस आत आला, तर तुम्हाला वेड लागलंय असं तो म्हणणार नाही का, असं पौल सरळ विचारतो. तो स्वतः अन्यभाषा बोलणारा, त्या दानाबद्दल देवाचे आभार मानणारा. तरी त्याचा नियम असा की दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं आणि कुणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून आपल्या मनाशी आणि देवाशी बोलावं. बाहेरून आलेल्याला काय वाटेल याची एवढी काळजी प्रेषिताने घेतली, तर स्वागतावर नेमलेल्या बहिणीने घ्यायलाच हवी.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरून ते अन्यभाषा बोलू लागले त्या दिवशीही, बघणाऱ्यांनी हेच म्हटलं होतं, की हे लोक प्यालेले आहेत. तेव्हा शिष्यांतला पेत्र त्यांच्यावर रागावला नाही आणि 'ज्यांना कळायचं त्यांना कळेल' असं म्हणून गप्पही बसला नाही. तो उभा राहिला, आत्ता सकाळचे नऊ वाजलेत म्हणाला, आणि समोर काय घडतंय ते योएल संदेष्ट्याचा आधार देऊन समजावून सांगू लागला. तुझं काम नेमकं हेच आहे.

आणि बिचकणारा माणूस अविश्वासू असतो असंही मानू नकोस. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, तेव्हा कित्येक अनुभवी ख्रिस्ती लोकांनाही ते पटलं नाही. 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या धर्मोपदेशकांच्या अशाच सभा सुरू झाल्या, तिथल्या वर्तमानपत्राने त्यांची टरच उडवली. 1960 मध्ये कॅलिफोर्नियात डेनिस बेनेट या एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) पाळकांनी आपल्याला अन्यभाषांचं दान मिळाल्याचं व्यासपीठावरून सांगितलं, तर जन्मभर चर्चमध्ये वाढलेल्या लोकांत खळबळ माजली आणि बेनेटना ती मंडळी सोडावी लागली. जिथे पाळकाचे आपले लोक हादरले, तिथे पहिल्यांदा दार ओलांडणाऱ्या बाईने शांत राहावं ही अपेक्षा कशी करायची?

आता पुढचं. निमंत्रण देतानाच साध्या शब्दांत सांगत जा: 'आमच्याकडे गाणी बराच वेळ चालतात, लोक उभे राहतात, हात वर करतात. काही जण तुला न कळणाऱ्या शब्दांत प्रार्थना करतील. आम्ही त्याला पवित्र आत्म्याचं दान मानतो. कुणी रडेल, कुणी खालीही बसेल. तुला यातलं काहीच करायची गरज नाही. बसून राहिलीस तरी चालेल. अर्पणाची पिशवी आली की पुढे दे, तुझ्याकडून पैशाची अपेक्षा नाही. मधेच निघावंसं वाटलं तर मला खूण कर, मी तुझ्याबरोबर बाहेर येईन.' हे ऐकून ती 'नको गं' म्हणाली, तर ते तिचं उत्तर. विषय तिथेच सोड आणि तिच्याशी नेहमीसारखी बोल.

आली तर तिला मागच्या बाजूला, कडेच्या खुर्चीवर बसव, दार दिसेल असं. पहिल्या रांगेचा मान पाहुण्याला द्यावा असं आपल्याला वाटतं, पण पुढे बसलेल्याला इतर काय करतात ते दिसत नाही, आणि उठायचं म्हटलं तर सगळ्यांसमोरून जावं लागतं. तू शेजारी बस. त्या दिवशी तुझी आराधना डोळे मिटून होणार नाही, हे धरूनच चल. अनोळखी काही सुरू झालं की कानात एक वाक्य पुरतं: 'या आता कुणासाठी तरी प्रार्थना करताहेत, थोड्या वेळात थांबतील.' प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं) असेल तर ते कुणी घ्यायचं हे आधीच सांग. ऐन वेळी हात मागे घ्यावा लागणं फार लाजिरवाणं वाटतं.

नव्यांना पुढे बोलावून उभं करण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी, आणि हे पास्टरांशी तुलाच बोलावं लागेल. ज्याला ओळख द्यायची असेल तो उपासनेनंतर थांबेल. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, आणि तेही 'नाही' म्हणता येईल असं. दोघी आधीच हात उचलून उभ्या असताना 'चालेल ना?' विचारण्यात काही अर्थ नाही. ज्यांच्या अंगावर घरात हात उचलला गेलाय, अशा बायका तुमच्याकडे येत असणार. डोक्यावर अचानक आलेला हात त्यांना कसा वाटत असेल याचा विचार कर.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. दुःखात असलेल्या नव्या माणसाला कुणी 'प्रभू तुला सांगतोय' म्हणून नवऱ्याकडे परत जा, नोकरी सोड असा संदेश देऊ लागलं, तर तू मधे पड. संदेश धिक्कारू नका, पण सगळ्याची पारख करा, असं थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात एका दमात लिहिलंय. पहिल्याच दिवशी आलेली बाई ही पारख कशी करणार? आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करा, पण बरं होण्याचं वचन तुम्ही देऊ नका. औषधं बंद कर असं तर कुणीही, कधीही सांगता कामा नये. यावर तुझे पास्टर स्पष्ट बोलायला तयार नसतील, तर ही जबाबदारी घेऊ नकोस, आणि कुणाला आणूही नकोस.

नंतरचा आठवडा लोक हमखास बिघडवतात. नंबर घेतला, न विचारता ग्रुपमध्ये टाकलं, तीन जणांनी फोन केले. असं करू नका. तुझा एक मेसेज पुरे, आणि त्यात 'पुढच्या रविवारी येतेस ना?' नको. तिला प्रश्न असतील तर चार-पाच जणांच्या गटात निवांत बोलता येईल असं बघ. अल्फा कोर्स, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा वर्ग, जगभर पसरला त्यामागे हेही एक कारण आहे: तिथे नव्या माणसाला काहीही विचारता येतं, आणि कुणी त्याला गप्प करत नाही.

आता तुझी मैत्रीण. चर्चचं स्पष्टीकरण देत बसू नकोस, आपल्या लोकांची बाजू मांडू नकोस. एवढंच लिही: 'त्या दिवशी काय होणार हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. तुला पुढे बोलावलं तेव्हा मी थांबवायला हवं होतं. माझं चुकलं. चर्चला ये असं मी पुन्हा म्हणणार नाही. कोर्टाच्या तारखेला कुणी सोबत हवं असेल तर मी येते.' आणि शेवटचं वाक्य लिहिलंस तर खरंच रजा टाकून जा. ती आयुष्यात पुन्हा चर्चची पायरी चढली नाही तरी जा.

उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज पाठवू नकोस. ऑफिसात समोर आली तर हसून बोल, आणि तिने मान वळवली तर तेवढं सोस.

– तुझी ताई