रात्री अकरानंतरचं दुकान

चि. बाय हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी वाचला. पाठवल्याची वेळ रात्री पावणेदोनची होती. काम दोनच्या आत आटपत नाही, तेव्हा दुसरं सीलिंग मशीन घेऊ की पॅकिंगला एखादी मुलगी ठेवू, असं विचारलं आहेस. दोन्हींबद्दल सांगते, पण आधी त्या पावणेदोनबद्दल बोलायला हवं. परवा तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. तक्रार नव्हती तिची, काळजी होती. सकाळची पेज निवते तरी तू उठत नाहीस, आणि उठलीस की डोकं धरून बसतेस, असं म्हणाली.

तुझ्या कष्टांबद्दल मला शंका नाही. डिचोलीतल्या घरातून सोलां (आमसुलं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), तिरफळं आणि फणसाचे पापड पुण्या-मुंबईतल्या स्वयंपाकघरात पोचवणं हे खरं काम आहे, आणि तू ते नीट करतेस. तुझा माल मी स्वतः वापरून पाहिला आहे. म्हणूनच हे काम दहा वर्षं टिकावं असं मला वाटतं. रोज रात्री दोनपर्यंत जागून ते टिकणार नाही.

काम रात्रीवर जातं कसं, ते आधी बघ. दिवसभर तू घरी असतेस, म्हणून घरातल्यांच्या लेखी मोकळी असतेस. बाजारातून नारळ आणायचे, आजीला डॉक्टरकडे न्यायचं, आलेल्या पाहुण्यांना चहा द्यायचा, गॅसवाला आला की दार उघडायचं, सगळं तुझ्याकडे येतं. यातलं एकेक काम दहा मिनिटांचं असतं, पण अशा दहा-दहा मिनिटांनी सकाळ चुरगळून जाते. मग जेवणखाण, भांडी उरकून घर निजलं की तू टेप आणि कात्री घेऊन बसतेस, कारण तेव्हाच कोणी हाक मारत नाही. घरून धंदा करणाऱ्या बहुतेक बायकांची रात्र अशीच सुरू होते. याला आळस म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याला सोडणार नाही.

पण यावर उपाय घरातच आहे. सकाळी दहा ते एक हे तुझे दुकानाचे तास ठरव आणि घरच्यांना स्पष्ट सांग. कोपऱ्यात बसून कधीतरी करायचं काम ते राहता कामा नये. एक खोली घे, नाही तर माडीचा एक भाग घे, एक टेबल घे, आणि त्या तीन तासांत दार लोटलेलं असू दे. पहिले आठ दिवस सगळ्यांना ते विचित्र वाटेल. आईशी मी बोलले आहे. आजीची औषधं आणि दारावरची माणसं त्या वेळेत ती बघेल. तिला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता तुझ्या मालाकडे ये. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री हवा गार होते तसा तिच्यातला दमटपणा वाढतो, आणि पहाटेच्या सुमारास तो सगळ्यात जास्त असतो. रात्री बारा-एकला तू पापडांचा डबा उघडून पाकिटं भरतेस, तेव्हा पापड ती दमट हवा पिऊन घेतात. तू सील करतेस ती ओलही आत बंद होते. चार दिवसांनी पुण्यात गिऱ्हाईक पाकीट फोडतं आणि ‘पापड मऊ पडले’ म्हणून लिहितं. तू मालाला दोष देतेस, कुरिअरला देतेस, आणि वेळेचा विचारच मनात येत नाही. खाजं किंवा भाजलेले काजू विकायला लागलीस तर हे आणखी जाणवेल. जून ते सप्टेंबर सुकी पाकिटं दुपारच्या आत, पाऊस उघडलेला असताना भर. एवढा एक बदल केलास तरी तक्रारी उतरतील.

दुसरी गोष्ट डोक्याची. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सलग जागलेल्या माणसांची आणि दारू प्यायलेल्या माणसांची तीच चाचणी घेऊन तुलना केली. सतरा तास सलग जागं राहिलं की हात आणि लक्ष यांची अवस्था रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तात ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा होतो. तू सकाळी सहाला उठलीस तर सतरा तास रात्री अकराला भरतात. म्हणजे अकरानंतर तू ज्या डोक्याने पत्ते उतरवतेस आणि दर ठरवतेस, त्या डोक्याने तुला कोणी स्कूटरसुद्धा चालवू देऊ नये.

ते कामात कसं दिसतं, ते सांगते. पिनकोड बघ. ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिल्या तीन आकड्यांत प्रदेश कळतो: आपला गोव्याचा ४०३, मुंबईचा ४००, पुण्याचा ४११. दिवसा पत्त्यात ‘पुणे’ आणि पिन ४१६ दिसला की आपण थांबतो, कारण ४१६ म्हणजे कोल्हापूर, सिंधुदुर्ग. रात्री एकला डोळा त्यावरून घसरतो आणि पार्सल आठ दिवस फिरून परत येतं. खोक्याचंही तसंच. रात्री हाताला येईल तो खोका घेतला जातो. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर त्याचेच पैसे लावतात. ३० गुणिले २५ गुणिले २० चा खोका म्हणजे ३ किलो. आत पापड ८०० ग्रॅम असले तरी पैसे ३ किलोचे. लेबलांची अदलाबदल तर मी किती जणींकडे पाहिली आहे! सगळी पाकिटं आधी भरून ठेवायची आणि लेबलं शेवटी एकदम चिकटवायची, ही सवय सोड. एक ऑर्डर घे, भर, सील कर, लेबल लाव, बाजूला ठेव, आणि मगच दुसरीला हात घाल.

म्हणून माझा नियम सरळ आहे. अकरानंतर पत्ता, पैसा आणि भांडण यांना हात लावायचा नाही. कधी जागावंच लागलं तर खोके दुमडून ठेव, टेप कापून ठेव, पाकिटांवर स्टिकर लाव. चुकलं तरी गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही असंच काम तेव्हा कर.

भांडणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. रात्री साडेबाराला कोणी ‘तुमचा माल फालतू आहे, पैसे परत करा’ असं लिहिलं की तू तिथल्या तिथे उत्तर देतेस. एक तर जास्त नमतं घेऊन पैसे परत देऊन टाकतेस, नाही तर असं काही लिहितेस की सकाळी ते पुसावंसं वाटतं. आणि नंतर झोप येत नाही ती वेगळीच. त्या माणसालाही रात्री उत्तर नको असतं. त्याला राग मोकळा करायचा असतो, तो झालेला असतो. सकाळी दहाला फोटो मागव, ऑर्डर काढून बघ आणि शांतपणे लिही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कामाचे तास टाकता येतात आणि त्याबाहेर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं, ते लावून ठेव. मजकूर साधा असू दे: ‘नमस्कार, तुमचा मेसेज मिळाला. सकाळी दहानंतर उत्तर देते.’ एवढ्याने कोणी गिऱ्हाईक पळत नाही. तुझ्यासारखं आगळ त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, म्हणून ते तुझ्याकडे येतात.

दुबईतली आपली माणसं हा वेगळा प्रश्न आहे, मला कळतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. कामावरून येऊन, जेवून ती निवांत साडेदहाला फोन हातात घेतात, तेव्हा इथे बारा वाजलेले असतात. पेडण्याला, सत्तरीला आईवडिलांकडे काही पोचवायचं असेल तर ती तुला तेव्हाच लिहितात, आणि त्यांना नाही म्हणणं जड जातं. त्यांना एकदाच समजावून सांग की शुक्रवारी संध्याकाळी तू त्यांच्यासाठी थांबशील आणि बाकीचे दिवस कॅटलॉगमधून निवडून लिहून ठेवलं तरी माल जाईल. परदेशात नोकरी करणाऱ्याला वेळेचं मोल कळतं. तो समजून घेतो. आणि रात्री उशिरा आलेली सीओडीची, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे देण्याची ऑर्डर सकाळी फोन करून पक्की केल्याशिवाय भरू नकोस. उजाडल्यावर बऱ्याच जणांचं मन बदललेलं असतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुझे दर कमी आहेत. रात्र तिथे जाते.

समज, ऑर्डर ३२० रुपयांची आहे. मालाचे १५०, पाकीट-खोका-टेपचे २५, कुरिअरचे ७०, पेमेंटची आणि बाकीची कापणी १५. उरले ६०. दहा पार्सलांतलं एक परत आलं, तर नऊंचे ५४० मिळाले आणि परत आलेल्याचं जाण्यायेण्याचं कुरिअर आणि खोका मिळून १६५ गेले. हातात ३७५. आता बोलणं, भरणं, लेबल, पिकअप असा एका ऑर्डरला अर्धा तास धर. दहांना पाच तास. तासाला ७५ रुपये, तेही रात्री एकला, पाठ मोडून. तोच दर ४० रुपयांनी वाढव. गिऱ्हाइकं घटली, दहाऐवजी सहाच आली असं धर. तरी परतीचं प्रमाण तेच धरून सगळं वजा जाता सव्वाचारशेच्या वर उरतात आणि काम तीन तासांत संपतं. हे तीन तास म्हणजेच तुझे सकाळचे दहा ते एक. आकडे तुझ्या वहीतले घालून बघ, थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशेब याच दिशेने जाईल.

दर वाढवायला तुला भीती वाटते, कारण बाकीचे स्वस्त विकतात. बाकीचे काय विकतात तेही बघ. तुझी सोलां कोकमाच्या रसाचे हात देऊन उन्हात वाळवलेली असतात. ते गिऱ्हाइकाला सांग, आणि दर कमी करून ते झाकू नकोस. माल स्वस्त ठेवून त्याची भरपाई स्वतःच्या झोपेतून करणं म्हणजे प्रत्येक पाकिटामागे पदरचे पैसे देणं आहे, आणि ते गिऱ्हाइकाला कळतही नाही.

जीएसटीचं थोडक्यात सांगते. गोव्याबाहेर माल पाठवतेस म्हणून तुझी नोंदणी आहे. दर महिन्याला रिटर्न भरत असशील तर ११ आणि २० या शेवटच्या तारखा असतात, तेव्हा ८ आणि १७ ला सकाळच्या वेळात बसून ते संपव, २० च्या रात्रीवर ठेवू नकोस.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा आणि दिवाळी यांना मी यात धरत नाही. तेव्हा जागावं लागतं आणि जागावं. जत्रेत आपण पहाटेपर्यंत नाटक बघतो, दुसऱ्या दिवशी दुपारभर निजतो आणि मग वर्षभर त्या रात्रीबद्दल बोलतो. धंद्यातल्या जागरणालाही अशीच तारीख आणि शेवट असला पाहिजे. चवथीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची असताना दुकान चालू ठेवू नकोस. पंधरा दिवस आधी सगळ्यांना कळव की शेवटचं पार्सल अमुक तारखेला जाईल, आणि पाच दिवस खरंच बंद ठेव.

दुपारी आपल्याकडे बाजारसुद्धा मिटतो, तेव्हा तूही आडवी हो. पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नको आणि तीनच्या पुढे नको, नाही तर रात्रीची झोप लांबते. संध्याकाळी सहानंतरचा चहा सोड. चहा-कॉफीतलं कॅफीन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे नऊचा कप दोनपर्यंत तुझ्या सोबतीला असतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दुसरं मशीन घेऊ नकोस. एक पाकीट सील व्हायला काही सेकंद लागतात, तुझं काम तिथे अडलेलं नाही. मुलगी मात्र ठेव. शेजारपाजारची, ओळखीच्या घरातली, रोज सकाळी तीन तास, ठरलेल्या महिन्याच्या पगारावर. तिचा पगार वाढवलेल्या दरातून निघेल, म्हणून आधी दर, मग मुलगी. भरणं आणि लेबल तिच्याकडे दे, पत्ता तपासणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं तुझ्याकडे ठेव. पहिला महिना तिला शिकवण्यात जाईल, तेव्हा वैतागू नकोस.

येत्या बुधवारी फोंड्याला येणार आहेस असं आई म्हणाली. येताना गेल्या तीन महिन्यांची वही आणि कुरिअरची बिलं घेऊन ये, आपण दोघी बसून नवे दर लिहून काढू. जेवायला इथेच थांब. आणि येण्याच्या आदल्या रात्री अकराला फोन आईच्या खोलीत ठेवून दे.

तुझी,
मावशी