दमा आणि सीओपीडीवर अलीकडे खरंच काही नवं संशोधन झालंय का, की अजूनही तेच पंप?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला लहानपणापासून दमा आहे. धाप लागली की ती निळा पंप ओढते आणि पुन्हा कामाला लागते. वडिलांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन फुप्फुसं हळूहळू झिजत जाण्याचा आजार, आणि ‘फुप्फुसं गेली ती गेली’ एवढंच तुम्हाला ऐकवलं गेलंय. या आजारांत काही नवं आहे का, असा तुमचा प्रश्न.

आहे, आणि बरंच आहे. मी डॉक्टर नाही. छातीविकार विभागात फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या चाचण्या करते, म्हणजे माणसाला नळीत जीव तोडून फुंकायला लावते आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजते. त्यामुळे नवं संशोधन वाचताना समोर बसलेली माणसं डोळ्यांपुढे असतात. औषध बदलायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला. पण त्यांच्याशी काय बोलायचं, हे मी सांगू शकते.

आधी बहिणीबद्दल, कारण तिची गोष्ट मला जास्त तातडीची वाटते.

निळ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. श्वासनळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं. आम्ही चाचणीतही हेच करतो: एकदा फुंकायला लावायचं, साल्ब्युटामॉल द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायला लावायचं. दुसरा आलेख चांगला आला की दम्याचे रुग्ण खूश होतात. पण त्या पंधरा मिनिटांत सुटतं ते स्नायूंचं आकुंचन. नळीच्या आतल्या अस्तराला आलेली सूज तशीच राहते, आणि दमा हा मुळात त्या सुजेचा आजार आहे. पंपाने लगेच बरं वाटतं म्हणून माणूस सुजेवरचं औषध टाळत जातो. मग एखाद्या सर्दीत ती सूज इतकी भडकते की पंपालाही दाद देत नाही.

म्हणूनच २०१९ साली ‘जिना’ने, म्हणजे दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या जागतिक गटाने, स्पष्ट सांगितलं की मोठ्यांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, दमा सौम्य असला तरी. तीस वर्षांतला हा सगळ्यात मूलभूत बदल आहे, असं त्यांनीच म्हटलं. याच्या आदल्या वर्षी ‘सिग्मा’ नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले होते. सौम्य दमा असलेल्यांना दोन औषधं एकत्र असलेला पंप दिला: नळी उघडणारं फॉर्मोटेरॉल आणि सूज कमी करणारं बुडेसोनाइड हे स्टेरॉइड. रोज घ्यायचा नाही, त्रास झाला की घ्यायचा. पहिल्या चाचणीत, नुसतं नळी उघडणारं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत या लोकांना दम्याचे गंभीर अ‍ॅटॅक ६४ टक्के कमी आले. आणि त्यांच्या पोटात, खरं तर छातीत, गेलेलं स्टेरॉइड रोज नियमित स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या साधारण १७ टक्केच होतं. २०२५ मध्ये ‘बातुरा’ या चाचणीत साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड एकत्र देऊन पाहिलं, तिथेही कौल तोच आला. फायदा इतका उघड दिसला की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली गेली.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की लोक दचकतात, ते मी रोज पाहते. पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनळीत पडते. खरी काळजी करायला हवी ती अ‍ॅटॅक आल्यावर पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची, कारण त्या हाडं, साखर, डोळे सगळ्यांवर परिणाम करतात. पंपातल्या स्टेरॉइडला घाबरून गोळ्यांची वेळ ओढवून घेणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

दुसरी बाजूही सांगते. स्वीडनमध्ये ३ लाख ६५ हजार दमेकऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष आले. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त निळे पंप संपवणाऱ्यांमध्ये अ‍ॅटॅकही जास्त आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त. वर्षाला अकरा किंवा त्याहून जास्त पंप लागणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका दुपटीच्याही वर. पंपानेच माणूस दगावतो, असा याचा अर्थ घेऊ नका. इतके पंप लागतात म्हणजे आत सूज धुमसते आहे आणि तिच्यावर कोणाचं लक्ष नाही. तेव्हा बहिणीला विचारा: गेल्या वर्षभरात किती निळे पंप संपले? डॉक्टरांना पहिला हाच आकडा सांगा.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जोडी रोझेनब्लाट यांच्या गटाचं २०२४ मधलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅटॅकमध्ये नळी आवळली जाते तेव्हा आतल्या अस्तरातल्या पेशींचं काय होतं, हे त्यांनी उंदरांत आणि माणसाच्या ऊतींत पाहिलं. भरगच्च लोकलमधून दारातली माणसं बाहेर ढकलली जावीत, तशा त्या पेशी दाबाने अस्तरातून निसटून पडतात. अस्तर उघडं पडतं, त्यातून आणखी सूज येते, आणखी कफ होतो आणि पुढच्या अ‍ॅटॅकची तयारी होऊन बसते. साल्ब्युटामॉलने नळी उघडली, पण ही पडझड थांबली नाही. उंदरांत ती थांबवणारं एक रसायन त्यांना सापडलं आहे, पण ते अजून माणसांसाठी नाही. तरी एक गोष्ट यातून पक्की होते. प्रत्येक अ‍ॅटॅक स्वतःच एक इजा आहे, त्यामुळे तो येऊच न देणं हाच उपचार.

आता थोडं रक्ताकडे वळू, कारण इथे बहीण आणि वडील दोघांचाही संबंध येतो. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये मोजलेल्या असतात, पण त्या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाही. काही लोकांच्या श्वासनळ्यांतली सूज याच पेशींमुळे चालते, काहींची दुसऱ्याच कारणाने. बाहेरून दोघांनाही सारखीच धाप लागते. गेल्या दशकातलं मोठं संशोधन या फरकावरच उभं आहे. मेपोलिझुमॅब २०१५ साली आलं, बेनरालिझुमॅब २०१७ साली. ही इंजेक्शनं इओसिनोफिलच्या साखळीवर घाव घालतात. टेझेपेलुमॅब २०२१ च्या अखेरीस आलं. ते साखळीच्या बरंच वर, अस्तरातून निघणाऱ्या पहिल्या इशाऱ्यावरच काम करतं, म्हणून इओसिनोफिल कमी असलेल्या काहींनाही उपयोगी पडतं. त्याच्या मोठ्या चाचणीत तीव्र दम्याचे अ‍ॅटॅक ५६ टक्के घटले. ही सगळी औषधं महागडी आहेत आणि पंप नीट, नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल तरच त्यांचा विचार होतो. बहिणीला कदाचित कधीच लागणार नाहीत. पंप ओढण्याची पद्धत दुरुस्त केल्यावरच आकडे सुधारलेले कितीतरी लोक मी पाहिलेत.

इओसिनोफिलच्या बाबतीत ब्रिटनमधली ‘अब्रा’ ही चाचणी वाचून मी खरोखर हरखले. दमा किंवा सीओपीडी अचानक बळावला की पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायच्या, हे गेली अनेक दशकं चाललंय. मोना बफाधेल यांच्या गटाने १५८ रुग्ण घेतले. सगळे अ‍ॅटॅकमध्ये होते, सगळ्यांचे इओसिनोफिल वाढलेले होते. त्यांतल्या काहींना गोळ्या दिल्या, काहींना बेनरालिझुमॅबचं एकच इंजेक्शन, काहींना दोन्ही. नव्वद दिवसांत उपचार फसण्याचं प्रमाण नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत ७४ टक्के, इंजेक्शन मिळालेल्यांत ४५ टक्के. चाचणी लहान आहे, आणखी मोठी व्हायला हवी. पण इतक्या वर्षांच्या ‘पाच दिवस गोळ्या’ या रिवाजाला पर्याय असू शकतो, हे दिसलं.

वडिलांकडे येते. सीओपीडीत झिजलेला भाग परत येत नाही, हे तुम्हाला सांगितलं गेलं ते खरं आहे. पण त्यावर बोलणं थांबायला नको होतं. हा आजार हळूहळू उतरत जातो, मधेच बळावतो, आणि अशा प्रत्येक बळावण्यात आणखी एक पायरी खाली नेतो. बळावणं टाळलं तर उतार मंदावतो. २०२३ आणि २०२४ मध्ये डुपिलुमॅब या इंजेक्शनच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. तीन औषधांचे पंप चालू असूनही आजार बळावत होता आणि रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये इओसिनोफिल ३०० किंवा जास्त होते, असे रुग्ण त्यात होते. बळावण्याचं प्रमाण एकात ३० टक्के कमी झालं, दुसऱ्यात ३४ टक्के. २०२४ मध्ये ते सीओपीडीसाठी मान्यता मिळालेलं पहिलं जैविक औषध, म्हणजे सजीव पेशींत तयार केलेलं औषध, ठरलं. २०२५ मध्ये अमेरिकेत मेपोलिझुमॅबलाही मान्यता मिळाली. एन्सिफेन्ट्रिन हे नेब्युलायझरमधून घ्यायचं औषध तिथे २०२४ पासून आहे. ते नळी उघडतं आणि सूजही कमी करतं. वडिलांचे इओसिनोफिल कमी असतील तर ही इंजेक्शनं त्यांच्यासाठी नाहीत, आणि तसं असेल तर निराश होऊ नका, कारण यानंतर जे सांगणार आहे ते सगळ्यांनाच लागू आहे.

सीओपीडीने रुग्णालयात राहावं लागलेल्या जवळपास दोन लाख अमेरिकन रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. घरी गेल्यावर नव्वद दिवसांच्या आत ज्यांनी फुप्फुस पुनर्वसन सुरू केलं, म्हणजे देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र, त्यांच्यातले ७.३ टक्के वर्षभरात दगावले. न करणाऱ्यांतले १९.६ टक्के. व्यायामाला जाऊ शकणारी माणसं मुळातच थोडी धडधाकट असणार, हे मान्य. तो फरक हिशेबात धरूनही धोका बराच कमी उरला. आणि ते सुरू केलं होतं किती जणांनी? दीड टक्का. या आकड्याने मी अस्वस्थ होते. नव्या इंजेक्शनची बातमी सगळीकडे पोचते आणि हे मात्र रुग्णाला कोणी सांगतही नाही. वडील सिगारेट ओढत असतील तर ती सोडण्याला अजूनही कोणतंच औषध पर्याय नाही.

सीओपीडी म्हणजे विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, हा समजही मोडला आहे. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची फुप्फुसं तरुणपणीच कमी क्षमतेची होती. त्यांची झीज फार वेगाने झाली नव्हती, सुरुवातच खालून झाली होती. चुलीचा धूर, अपुऱ्या दिवसांचा जन्म, बालपणातले फुप्फुसांचे संसर्ग या सगळ्याचा यात हात असतो. वडिलांनी कधी सिगारेट ओढली नसेल तर नातेवाइकांची कुजबुज मनावर घेऊ नका.

बाकी आजारांबद्दल थोडक्यात. ब्रॉन्किएक्टेसिसला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठत राहतो त्याला, स्वतःचं असं मान्यताप्राप्त औषधच नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिबला मान्यता मिळाली, आणि १,७२१ रुग्णांच्या चाचणीत आजार बळावणं सुमारे २० टक्के कमी झालं. सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे फुप्फुसांत घट्ट, चिकट कफ साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, जनुक १९८९ मध्ये सापडला होता. २०१९ मध्ये आलेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने बिघडलेलं प्रथिनच दुरुस्त होतं, आणि फुंकण्याच्या चाचणीतला आकडा (अपेक्षित क्षमतेच्या टक्क्यांत) सरासरी १४ अंकांनी वर जातो. माझ्या कामात एखाद्या औषधाने आकडा इतका वर जाणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

फुप्फुसं जाड, कडक होत जाणाऱ्या फायब्रोसिसमध्ये २०१४ नंतर थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन औषध मान्य झालं: नेरॅन्डोमिलास्ट. वर्षभरात या औषधाविना फुप्फुसांची क्षमता सुमारे १८३ मिलिलिटरने घटली, औषधाच्या मोठ्या मात्रेवर ११५ ने. आजार थांबत नाही, मंदावतो. आणि पुष्कळांना जुलाबाचा त्रास होतो. याच आजारावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शोधलेल्या एका औषधाच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या चाचणीत ७१ माणसं होती आणि ती १२ आठवडे चालली. निकाल आशादायक आहेत, पण याच आजारावरचं पामरेव्हलुमॅब हे औषधही सुरुवातीला असंच आशादायक होतं आणि २०२३ मध्ये शेवटच्या टप्प्यात फसलं. बातमी वाचताना किती माणसं आणि किती काळ, एवढं नक्की पाहा.

पुढच्या भेटीला जाताना दोघांचेही स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकण्याच्या चाचणीचे, जुने रिपोर्ट बरोबर न्या, आणि प्रत्यक्ष पंप न्या. डॉक्टरांसमोर तो ओढून दाखवायला सांगा. वर्षभरात किती निळे पंप लागले आणि किती वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, ते कागदावर लिहून ठेवा. वडिलांसाठी पुनर्वसनाबद्दल स्वतःहून विचारा. आणि सीबीसीच्या रिपोर्टमधला इओसिनोफिलचा आकडा दाखवा. टक्केवारी नको, एकूण संख्या हवी. रिपोर्ट जुना असला तरी फेकू नका, फक्त त्यावर तारखेशेजारी लिहा की त्या दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का. त्या चालू असल्या की हा आकडा खाली येतो आणि वाढलेले इओसिनोफिल दिसायचे राहून जातात.