२०१८ची आमदार पगारवाढ : कोणी विरोध केला, ते कसं तपासायचं?

प्रश्न असा आहे की बडोद्याच्या आपल्या आमदाराने २०१८च्या पगारवाढीला खरंच विरोध केला होता का, हे कुठे बघायचं.

मतांच्या नोंदीत सापडणार नाही. १९ सप्टेंबर २०१८ला गुजरात विधानसभेने ते विधेयक एकमताने मंजूर केलं, विरोधी बाकांसकट. आवाजी मतदानात नावं लिहीत नाहीत. त्यासाठी कोणीतरी मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, मागावी लागते. तेव्हा "मी विरोधात होतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, मतविभागणी का नाही मागितली? बडोद्यातल्या रावपुऱ्याचे आमदार राजेंद्र त्रिवेदी त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यांना यात धरू नका. समसमान मतं पडली तरच अध्यक्ष मत देतो.

शेतकरी कर्जमाफी आणि पाटीदार आरक्षणासाठीचं पाटीदार नेते हार्दिक पटेलांचं उपोषण आठवडाभरापूर्वीच सुटलं होतं, म्हणून लोकांना ही वाढ जास्त झोंबली. त्यात ती डिसेंबर २०१७पासून लागू, म्हणजे थकबाकीही.

पण सगळे महिना ७०,७२७ रुपयांवरून १,१६,३१६ एवढंच बोलतात. खरी मेख त्या आकड्याच्या पोटात आहे. मूळ पगार ७८,८००, त्यावर तेव्हाचा ७ टक्के महागाई भत्ता ५,५१६, टेलिफोन ७,०००, टपाल-स्टेशनरी ५,०००, स्वीय सहायक २०,०००. बेरीज करून बघा. महागाई भत्ता सरकारी नोकरांबरोबर वाढतो, त्यामुळे पुढे विधेयक लागतच नाही. भत्ता ४६ टक्क्यांवर गेला तेव्हा याच हिशेबाने १,४७,०४८ झाले, सभागृहात चर्चा शून्य. माजी आमदारांना गुजरातमध्ये पेन्शन नाही, हेही लक्षात असू द्या. शेजारच्या मध्य प्रदेशात आहे.

कागद हवे असतील तर गांधीनगरला विधानसभा सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करा. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत; मराठीतला परत येईल. फी इतर खात्यांइतकीच असेल असं धरून चालू नका, विधानसभेचे नियम अध्यक्ष ठरवतात. त्या दिवसाच्या कामकाजाच्या अहवालाची प्रत मागा आणि मतविभागणीची मागणी झाली होती का, ते विचारा. उत्तराला ३० दिवस. वाढीव पगार घेतलाच नाही असं कोणी सांगत असेल तर नाव घालून विचारू नका, 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळायला तेवढंच निमित्त पुरतं. किती सदस्यांनी लेखी नकार दिला, नुसती संख्या मागा.