कॉलर धरली तर काय करशील?

पोरी,

क्लास काढतेयस हे ऐकून बरं वाटलं. हॉल मिळाला, मॅट आल्या, फ्लेक्सचा फोटोही पाहिला. त्यावर 'दोन हजार वर्षांची कोरियन युद्धकला' असं छापलंयस, ते तेवढं काढ. तायक्वांदो हे नावच 1955 चं. सोलमध्ये 1940 च्या दशकात जे पहिले 'क्वान', म्हणजे शिकवण्याचे आखाडे, निघाले, त्यांतले कितीतरी गुरू जपानात कराटे शिकून आलेले. जनरल चोई होंग ही यांनी ही कला सैनिकांच्या अंगी बाणवली, आणि कोरियन फौजेबरोबर ती व्हिएतनामच्या लढाईतही गेली. आपली परंपरा ही अशी, बराकीतली. तिची लाज वाटायचं कारण नाही, पण शिकवताना ती विसरायचीही नाही.

सोलला 1973 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकं मिळू लागली. त्याच्या विरोधात मी नाही. स्पर्धा नसत्या तर तुझ्या आईवडिलांनी तुला माझ्याकडे पाठवलंच नसतं. पण नियम जसा, तसं शरीर घडतं. छातीवरच्या ठोशाला 1 गुण, डोक्यावरच्या किकला 3. चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही, कमरेखाली किक नाही, धरलं की पेनल्टी. तोंडावर मूठ येणारच नाही म्हटल्यावर मुलं हात लोंबते सोडून उड्या मारत राहतात. किक लागली की आपोआप गुण देणारं सेन्सरवालं चेस्ट गार्ड आल्यापासून तर पुढचा पाय हवेत धरून टकटक सुरू असते. मला ते दारावरची बेल दाबल्यासारखं दिसतं.

माझीच फजिती सांगतो. राज्य स्पर्धेत पदक आणलेला माझा एक ब्लॅक बेल्ट. एका संध्याकाळी सहज त्याच्या डोबोकची, म्हणजे सरावाच्या पांढऱ्या पोशाखाची, कॉलर धरली आणि म्हटलं, सुटून दाखव. किकसाठी अंतर हवं म्हणून तो मागे सरकला, मीही कॉलर न सोडता पुढे गेलो. तिसऱ्या पावलाला त्याची पाठ भिंतीला. हात तसेच खाली. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू रेफरी आता थांबवेल. चूक त्याची नव्हती. सात वर्षं मीच त्याला तेवढं शिकवलं होतं.

तेव्हापासून मी पूमसेकडे, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमाकडे, परत गेलो. तेगुक इल जांग या पहिल्या पूमसेची सुरुवात आठव: डावीकडे वळून अराए माक्की, म्हणजे हात खाली आणून अडवणं, मग पाऊल टाकून ठोसा. आपण ती नुसती लाथ अडवायची म्हणून शिकवतो. पण मग उजवी मूठ कमरेला का येते? मी ती अशी वाचतो: उजव्या हाताने समोरच्याचं मनगट धरून कमरेकडे ओढलं, डावा हात त्याच्या कोपरावर दाबत खाली आला, तो वाकला, आणि पुढचा ठोसा त्यालाच. जोडीदारावर करून बघ. सावकाश कर, कोपर चटकन दुखावतं.

आठवड्यातला एक दिवस होसिनसुलला, म्हणजे स्वसंरक्षणाच्या सरावाला, दे. त्या दिवशी गार्ड नको, गुण नकोत. धरणाऱ्याला बजाव, खरंच घट्ट धर. उगाच सोडून द्यायचं नाही. पालक विचारतील, याने मेडल मिळतं का. नाही मिळत, म्हणून मोकळी हो.

नारळ फोडायला येतोच. डोबोक जुना घाल, कॉलर धरणार आहे.

तुझे सर