वेब ॲपमध्ये लाइव्ह चॅट टाकायचंय, त्यासाठी प्रोटोकॉलवाला (ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं ते नियम जाणणारा) कन्सल्टंट घ्यावा का?
आधी नक्की काय हवंय ते बघा. नुसतं नोटिफिकेशन, ऑर्डरचं स्टेटस असलं एकतर्फी काम असेल तर कन्सल्टंट राहू द्या, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरने स्वतःहून ब्राउझरला मेसेज पाठवत राहायची सोय) भरपूर झालं, साध्या एचटीटीपीवर चालतं आणि कनेक्शन तुटलं तर ब्राउझर स्वतःच परत जोडतो.

दोन्हीकडून बोलणं हवं असेल तर वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं उघडं राहणारं दुतर्फी कनेक्शन. २०११ पासून स्टँडर्ड आहे, सगळे ब्राउझर चालवतात, पण तो नुसता पाइप आहे हां, मेसेज पोचला का, कोण ऑनलाइन आहे, ग्रुप, जुने मेसेज हे सगळं तुम्हालाच लिहावं लागतं आणि खरा वेळ तिथेच जातो. एक्सएमपीपीत (हा चॅटसाठीचाच प्रोटोकॉल) यातलं बरंचसं आयतं मिळतं (१९९९ च्या जॅबर या चॅट प्रकल्पापासूनचं आहे, व्हॉट्सॲपची सुरुवातही ईजॅबरडी या एक्सएमपीपी सर्व्हरवरच झाली होती), फक्त एक्सटेन्शनचा (वरून जोडायच्या सोयींचा) पसारा एवढा की कुठलं घ्यायचं नि कुठलं सोडायचं यातच डोकं फिरतं. इथे जाणकार माणूस घेतलात तर पैसे वसूल.

पण घ्यायच्या आधी त्याला दोन प्रश्न विचाराच. एनजिनएक्सच्या (ॲपच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत पाठवणारा सर्व्हर) मागे शांत पडलेलं कनेक्शन ६० सेकंदांनी का तुटतं? (त्याचा डीफॉल्ट रीड टाइमआउट, म्हणजे डेटा आला नाही तर वाट बघायची मुदत, तेवढाच असतो, म्हणून मधेमधे पिंग, म्हणजे 'मी आहे' असा छोटा मेसेज, पाठवायचं.) आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर हजारो क्लायंट (युजरचे ब्राउझर) एकदम जोडायला आले तर काय कराल? 'मोठा सर्व्हर घेऊ' म्हणाला तर सरळ नमस्कार करा, प्रत्येकाने थोडं रँडम थांबून, दर वेळी जास्त थांबून ट्राय करायचं हे त्याला यायलाच हवं.